सावलीच्या पोराला ट्रॉलर कशाला?

होस्टेलात रात्री अकरानंतर प्रत्येकाला काही ना काही बघायचा नाद असतो. कुणी जुने क्रिकेटचे सामने बघतो, कुणी सेकंडहँड बुलेटच्या जाहिराती चाळतो, तर कुणी परदेशातल्या युनिव्हर्सिट्यांची फी वाचून उसासे टाकतो. मला नाद आहे तो विकायला काढलेल्या जुन्या बोटी बघायचा. म्हातारे झालेले मासेमारी ट्रॉलर, मोटर यॉट, निवृत्त लाइफबोटी, हॉलंडच्या कालव्यांतून आयुष्यभर माल वाहून आता कुणाचं तरी राहतं घर झालेल्या लांबोळक्या बोटी... बोट जितकी विचित्र, तितका जीव जास्त रमतो. फोटो बघायचे, इंजिनचं नाव वाचायचं, किती तास चाललं ते बघायचं, आणि मालक ती का विकतोय याचा अंदाज बांधायचा. घेणार कोण? मेसचं बिल भरायची मारामार! पण बघायला पैसे लागत नाहीत.

आता मी पडलो सावलीचा. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना सावली म्हटलं की झाडाखालचीच आठवते, म्हणून सांगतो. मूलवरून गडचिरोलीला निघालात की वैनगंगेच्या अलीकडे लागतं ते आमचं तालुक्याचं गाव. कधीकाळी खादीसाठी नावाजलेलं. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथे भरलं तेव्हा खुद्द गांधीजी आले होते. धान, तलाव, जंगल आणि वाघ यांची आमच्याकडे कमी नाही. समुद्र मात्र कुठल्याही दिशेनं निघा, शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे रूमवर रोज एकच प्रश्न येतो, "काहून पाहून राह्यला बे बोटी? असोलामेंढ्यात चालवशील का?"

मित्रांनो, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर आहे. पण नुसतं माझ्या नादाचं समर्थन करायला मॅगझिनची पानं अडवायची नाहीत. या बोटी बघता बघता एक गोष्ट मला लख्ख दिसली, आणि ती समुद्राची नाही, आपल्याच नदीच्या घाटावरची आहे. तिच्यापर्यंत यायला थोडं फिरून यावं लागेल. चला माझ्याबरोबर.

आधी ट्रॉलर म्हणजे काय ते बघू. ट्रॉल म्हणजे समुद्रात ओढत न्यायचं मोठं जाळं. ते ओढणारी बोट ती ट्रॉलर. ससून डॉक, वर्सोवा, हर्णै, रत्नागिरीचं मिरकरवाडा, इथे यांची गर्दी असते. आपल्या राज्यातल्या ट्रॉलरच्या अंगावर 'आयएनडी एमएच' अशी सुरुवात असलेला नंबर असतो, जसा आपल्या गाडीवर एमएच ३४. पावसाळ्यात, साधारण १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंद असते. तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढतात, खरवडतात, रंगवतात. ओझं ओढायचं, वाऱ्यापावसात टिकायचं आणि डिझेल कमी प्यायचं, यासाठी ट्रॉलरचं अंग खोल आणि गोलसर असतं. हे अंग बघून पुढे लोकांनी त्याच धाटणीच्या राहण्याच्या बोटी बांधायला सुरुवात केली. १९६० च्या दशकात हाँगकाँगमध्ये बांधल्या जाऊ लागलेल्या 'ग्रँड बँक्स' बोटी त्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध. आत पलंग, शेगडी, टेबल. बाहेरून मात्र ट्रॉलरचं रूप. यांना ट्रॉलर यॉट म्हणतात. दिसायला साध्या, चालायला संथ, पण भरवशाच्या.

संथ का, हे मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी नीट ऐकावं, कारण हे आपल्याच सिलॅबसमध्ये आहे. बोट चालली की पुढे लाट उठते. वेग वाढला की लाटेची लांबी वाढते. लाट बोटीइतकी लांब झाली की बोट स्वतःच केलेल्या लाटेच्या खड्ड्यात अडकते. आता कितीही ॲक्सिलरेटर पिळा, डिझेल जळेल, पण बोट स्वतःच्याच लाटेवर चढायची धडपड करत राहील. यावरून ढोबळ सूत्र असं की पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांमध्ये वर्गमूळ काढा, त्याला १.३४ नं गुणा, नॉटमध्ये वेग मिळेल. छत्तीस फुटांचं वर्गमूळ सहा. गुणाकार आठ नॉट. म्हणजे तासाला सुमारे पंधरा किलोमीटर. सावलीच्या रस्त्यानं सायकल जरा जोरात मारली तर एवढाच वेग होतो! विल्यम फ्राउडनं एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये लहान लहान मॉडेलं पाण्यात ओढून ही विद्या उभी केली. आपण त्याचा 'फ्राउड नंबर' डायमेन्शनल ॲनालिसिसमध्ये पाठ करतो, पेपरात ओततो आणि विसरतो. मला मात्र तो लक्षात राहिला, कारण जाहिरातीत एखादा विक्रेता छत्तीस फुटी जाडजूड ट्रॉलरचा वेग वीस नॉट लिहितो, तेव्हा तो थापा मारतोय हे आता दोन सेकंदांत कळतं. फ्लुइड मेकॅनिक्सचा याहून चांगला व्हायवा मी तरी दिलेला नाही.

दुसरी गंमत म्हणजे या बोटींची चरित्रं. तुम्ही 'रेनबो वॉरियर'चं नाव ऐकलं असेल. ग्रीनपीसची ती गाजलेली बोट म्हणजे मुळात एक सेकंडहँड ट्रॉलर. १९५५ साली स्कॉटलंडच्या ॲबरडीनमध्ये ब्रिटिश सरकारच्या मत्स्यसंशोधनासाठी बांधलेला, नाव 'सर विल्यम हार्डी'. म्हातारपणी तो विकायला निघाला, काही तरुण पोरांनी घेतला, खरवडून रंगवला आणि १९७८ मध्ये नव्या नावानं पाण्यात सोडला. अणुचाचण्यांच्या विरोधात तो इतका नडला की १० जुलै १९८५ ला न्यूझीलंडच्या ऑकलंड बंदरात फ्रान्सच्या गुप्तहेरांनी स्फोट करून त्याला बुडवलं. बोटीवरचा एक छायाचित्रकार त्यात मेला. तसंच समुद्रसंशोधक कुस्तोच्या 'कॅलिप्सो'चं. दुसऱ्या महायुद्धात सुरुंग काढायला अमेरिकेत बांधलेली लाकडी बोट, युद्धानंतर माल्टा आणि गोझो या बेटांमध्ये फेरी मारत होती. १९५० मध्ये एका श्रीमंतानं ती विकत घेऊन कुस्तोला वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्यानं दिली. पुढे जगानं समुद्राच्या पोटातलं चित्रण बघितलं ते या बोटीवरून.

आणि आपण तरी काय वेगळे? आपली पहिली विमानवाहू 'विक्रांत' म्हणजे ब्रिटिशांनी युद्ध संपल्यावर अर्धवट सोडलेलं 'हर्क्युलिस' हे जहाज; भारतानं ते १९५७ मध्ये घेतलं, पूर्ण करून घेतलं, आणि १९६१ मध्ये नौदलात दाखल केलं. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली. पुढे मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती. शेवटी सुमारे साठ कोटींना विकली गेली आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तिचं भंगार झालं. त्यातलं थोडं पोलाद २०१६ मध्ये बजाजच्या 'व्ही' मोटरसायकलीत गेलं. म्हणजे आपल्या पार्किंगमध्ये एखादी जुनी 'व्ही' उभी असेल तर तिच्यात विक्रांतचा अंश आहे! सेकंडहँड वस्तूला इतिहास असतो तो असा.

तिसरी गोष्ट पैशांची. जुन्या बोटींच्या किमती बघून पहिल्यांदा डोळे चमकतात. परदेशात काही बोटी नागपूरच्या फ्लॅटपेक्षा स्वस्त असतात. काहींवर तर लिहिलेलं असतं, फुकट घ्या पण घेऊन जा! का? कारण बोट घेणं सोपं, पोसणं अवघड. धक्क्यावर उभी करायचं भाडं, दरवर्षी बाहेर काढून खालचं अंग खरवडणं, रंग, विमा, इंजिन. किमतीच्या दहा टक्के दरवर्षी खर्चाला धरा, असा तिकडचा ढोबळ ठोकताळा आहे, आणि जुन्या बोटीला तोही पुरत नाही. आपल्याकडे म्हण आहे ना, घर पाहावं बांधून. तशी बोट पाहावी पोसून. याचं सर्वात मोठं उदाहरण पण आपलंच. 'विक्रमादित्य'चा करार २००४ मध्ये झाला तेव्हा रशियानं जहाजाचं अंग जवळजवळ फुकट दिलं, पैसे फक्त दुरुस्ती आणि बदलाचे, सुमारे ९७ कोटी डॉलर. काम सुरू झालं, जहाज उघडलं, आतल्या केबल बघितल्या, आणि आकडा वाढत वाढत सव्वादोनशे कोटी डॉलरच्या पुढे गेला. जहाज हाती आलं २०१३ मध्ये. उघडून बघितल्याशिवाय जुन्या मशीनचा अंदाज बांधू नये, हा धडा एवढ्या महागात कुणी शिकला नसेल.

म्हणून शहाणा माणूस जुनी बोट घेण्याआधी सर्व्हेयर बोलावतो. हा सर्व्हेयर माझा हिरो आहे. हातात छोटी हातोडी घेऊन तो बोटीच्या अंगावर इंचाइंचाला टकटक करतो. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत लाकूड कुजलंय किंवा फायबरचे थर सुटलेत. ओलावा मोजतो. इंजिन ऑइलचा नमुना लॅबमध्ये पाठवून त्यात धातूचे कण किती ते बघतो. खाली लावलेले जस्ताचे ठोकळे तपासतो. हे ठोकळे कशाला? समुद्राच्या पाण्यात पितळी पंखा आणि लोखंडी दांडा एकत्र आले की बॅटरी तयार होते आणि लोखंड गंजतं. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतलं 'सॅक्रिफिशियल ॲनोड' आठवतं का? पाच मार्कांना यायचं. तिथे त्यावर आख्खी बोट उभी असते.

आता या सगळ्या जाहिरातींमध्ये एक रकाना मी सुरुवातीला सोडून देत असे, कारण त्यात मजा नसायची. तो रकाना म्हणजे सुरक्षेचं सामान. लाइफ जॅकेट किती, फुगणारा तराफा किती माणसांचा, पाणी उपसायचे पंप किती आणि त्यातला एक हातानं चालणारा आहे का, आग विझवायची नळकांडी कधी भरली, बुडताना उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं यंत्र आहे का, आणि बोटीवर जास्तीत जास्त किती माणसं चढू शकतात. चाळीस वर्षांची, रंग उडालेली, कुणी फुकट घेत नाही अशी बोट. पण तिच्याही जाहिरातीत हा रकाना भरलेला. तो भरलेला नसेल तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं.

आणि मग वैनगंगा आठवते.

जानेवारी २०२४ ची गोष्ट. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या मजूर बाया मिरची तोडायला नदीपलीकडे, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, नावेनं निघाल्या होत्या. मध्येच नाव उलटली आणि बायांचे जीव गेले. मिरची तोडायला! दिवसाच्या मजुरीसाठी. आपल्याकडच्या किती घरांतल्या बाया अशा कामाला जातात हे इथे होस्टेलात राहणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांना सांगायला नको. ही एकच घटना आहे का? १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात वरुडजवळ झुंजला वर्धा नदीत नाव उलटली, अकरा जण गेले. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. मुंबईतल्या अपघातानंतर गेटवेवर लाइफ जॅकेटची सक्ती लगेच झाली. नदीच्या घाटाला मात्र गेटवेसारखे कॅमेरे नसतात.

आमच्या भागात नदी ओलांडणं हे साहस नाही, रोजचं काम आहे. व्याहाडवरून गडचिरोलीला पूल आहे, पण नदीकाठच्या प्रत्येक गावाला पूल नाही. समोर दिसणाऱ्या शेताला जायला पुलानं लांबचा फेरा, आणि फेऱ्याचं भाडं मजुरीतून जाणार. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला अलीकडचे लोक नावेनंच उतरतात. चिचडोह बॅरेज झाल्यापासून वरच्या अंगाला पाणी साठून राहतं. गुडघाभर पाण्यातून पायी उतरायची जुनी सवय तिथे चालत नाही. म्हणजे नावेचं काम कमी झालेलं नाही. आणि नाव म्हणजे काय, तर ढिवर बांधवांचा मासेमारीचा डोंगा किंवा फळ्यांची अरुंद होडी. दोन माणसं आणि एक जाळं यांच्यासाठी बनवलेली. ती त्या कामाला उत्तम आहे. उथळ पाण्यात चालते, एकटा माणूस ओढून काठावर घेतो. दोष तिच्यात नाही. दोष तिच्यात दहा-बारा माणसं बसवण्यात आहे, आणि किती बसवायची हे कुठेच लिहिलेलं नसण्यात आहे.

आता गणित करू, आपण इंजिनियर ना! समजा होडी पाच मीटर लांब आणि एक मीटर रुंद आहे. टोकं निमुळती, म्हणून पाण्याला टेकणारं क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटर धरा. ही होडी एक सेंटिमीटर खाली जायला पस्तीस किलो वजन लागतं. म्हणजे पन्नास-बावन्न किलोचं एक माणूस बसलं की होडी दीड सेंटिमीटर खाली. रिकाम्या होडीचा काठ पाण्याच्या वर तीस सेंटिमीटर असेल, तर दहा माणसांनंतर उरला पंधरा. पंधरा माणसांनंतर उरला साडेसात सेंटिमीटर, म्हणजे हाताची चार बोटं. एवढ्या काठावरून नदीची साधी लाटही आत येते. आत आलेलं पाणी एका जागी थांबत नाही. होडी ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला ते धावतं आणि तिला आणखी कलवतं.

उलटण्याचं कारण तर आपल्या लॅबमध्येच ठेवलेलं आहे. मेटासेंट्रिक हाइटचं प्रॅक्टिकल आठवा. टाकीत एक पत्र्याची होडी, तिच्यावर सरकवायचं वजन आणि एक लंबक. रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवून आपण चहाला जातो. ते प्रॅक्टिकल सांगतं की होडीची सरळ राहायची ताकद तिच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असते. रुंदी अर्धी झाली तर ती ताकद कितीतरी पटींनी घटते. आणि गुरुत्वमध्य वर गेला की ती आणखी कमी होते. बसलेली माणसं उभी राहिली की नेमकं हेच होतं. पाणी आत आलं, बाया घाबरून उठल्या, सगळ्या एका बाजूला गेल्या, संपलं. मेटासेंटरची कल्पना फ्रान्सच्या बुगेरनं १७४६ मध्ये मांडली. पावणेतीनशे वर्षांपूर्वीचं ज्ञान, आठ मार्कांचा प्रश्न, आणि कॉलेजपासून काही तासांवरच्या घाटाला त्याची खबर नाही. याचा दोष नावाड्याला कसा द्यायचा? त्याला कुणी सांगितलं?

इंग्लंडमध्येही एकेकाळी जहाजं ओव्हरलोड करून पाठवायचे. बुडालं तर मालकाला विमा, खलाशाला समुद्र. सॅम्युअल प्लिमसोल नावाचा खासदार यावर संसदेत भांडला, आणि १८७६ च्या कायद्यानं प्रत्येक जहाजाच्या अंगावर एक पट्टा मारणं सक्तीचं झालं. पट्टा पाण्याखाली गेला की माल भरणं बंद. आज जगातल्या प्रत्येक मोठ्या जहाजावर तो पट्टा असतो. पण एक गंमत सांगतो, सुरुवातीला हा पट्टा कुठे मारायचा हे जहाजमालकाच्याच मर्जीवर होतं! योग्य जागा हिशेबानं ठरायला पुढे आणखी वर्षं गेली. म्हणजे नुसता रंग पुरत नाही, गणित लागतं. आणि गणित हे आपलं काम आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या घाटांवरच्या ज्या नावा माणसं नेतात, त्यांच्यावर एकेक लाल पट्टा असावा. पट्टा दिसतोय तोवर माणूस घ्या, पाण्याला टेकला की पुढचा माणूस पुढच्या खेपेला. वाचता येत नाही त्यालाही कळतं. दुसरं, बसायच्या फळीखाली घट्ट झाकणाचे रिकामे वीस लिटरचे कॅन बांधावेत. पाण्यात असलेल्या माणसाचं डोकं वर ठेवायला फार जोर लागत नाही. शांत पाण्यातल्या लाइफ जॅकेटचा उचल-जोर साधारण दहा किलोच्या आसपास असतो. वीस लिटरचा एक कॅन त्याच्या जवळपास दुप्पट उचलतो. होडीत पाणी भरलं तरी ती तळाला जाणार नाही, आणि उलटली तरी धरायला काहीतरी राहील. मात्र कॅन दोन्ही बाजूंना सारखे आणि घट्ट बांधले पाहिजेत, नाहीतर त्यांचाच त्रास. तिसरं, पाणी उपसायला एक डबा दोरीनं बांधून ठेवावा. या तिन्हीचा खर्च आपल्या गॅदरिंगमधल्या एका डीजेपेक्षा नक्कीच कमी आहे.

यावर काय काय म्हणतील ते मला माहीत आहे. एक म्हणेल, अरे पूल बांधा ना! बांधावाच, माझा कुठे विरोध आहे? पण पूल टेंडरनं येतो, मिरचीचा हंगाम दरवर्षी येतो. दुसरा म्हणेल, हे सरकारचं काम. बरोबर. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये देशात अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला आहे, आणि बिनइंजिनाच्या नावांसाठीही त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. पण कायदा घाटावर कोणत्या रूपात पोहोचतो, यावर सगळं आहे. तो दंडाची पावती घेऊन आला तर नावाडी अंधारात नाव चालवेल, म्हणजे धोका वाढेल. तो रंगाचा डबा घेऊन आला तर नावाडी स्वतः पट्टा मारून घेईल.

तिसरा आक्षेप मला जास्त टोचतो. तो असा की, ही शहरात शिकलेली पोरं आता ढिवराला नाव शिकवणार का? नाही. उलट आपणच शिकायला जायचं. कुठल्या महिन्यात धार कुठे सरकते, वारा कुठून उठतो, फळी कुठून कुजायला लागते हे त्याला पाठ आहे. तिकडचा सर्व्हेयर हातोडीनं जे करतो ते हा बोटाच्या टकटकीनं करतो. आपण फक्त एक हिशेब घेऊन जायचा आणि त्याच्याबरोबर बसून तपासायचा. त्याला पटला तर पट्टा, नाही पटला तर पुन्हा हिशेब.

सर आणि मॅडम यांनाही एक विनंती. फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या यादीत दरवर्षी स्मार्ट डस्टबिन असतो, अडथळा बघून वळणारा रोबो असतो, ऑटोमॅटिक स्ट्रीट लाइट असतो. चांगलेच आहेत. त्यात एक ओळ वाढवा, 'घाटावरच्या नावेची स्थिरता आणि भारपट्टा.' एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात सहा दिवस ग्रामस्वच्छता करू, एक दिवस घाटावर घालवू. टेप, वाळूची पोती, लंबक आणि वही एवढंच सामान. वाळूची पोती म्हणतोय, माणसं बसवून उलटवून बघायची नाहीत, हे हौशी मंडळींसाठी मुद्दाम लिहितो! आणि आपण स्वतः लाइफ जॅकेट घालूनच पाण्यात उतरायचं.

कुणी म्हणेल, हे सुचायला जुने ट्रॉलर बघायची काय गरज होती? कदाचित नव्हती. पण मला तरी दुसरी वाट माहीत नाही. रोज जे डोळ्यासमोर असतं ते दिसत नाही. दूरच्या, विचित्र, आपल्याला कधीच घ्यायच्या नसलेल्या वस्तू निवांत बघितल्या की डोळ्याला प्रश्न विचारायची सवय लागते. किती माणसांची? काठ किती? पाणी आलं तर काय? म्हणून तुमचाही जो काही नाद असेल, जुन्या गाड्यांचा, रेडिओचा, रेल्वे इंजिनांचा, तो खुशाल जोपासा. फक्त त्या नादातले प्रश्न सुट्टीत गावाकडे नेऊन एकदा तिथल्या वस्तूंना विचारून बघा.

शिबिराची यादी लागली की घाटावरच्या दिवसासाठी मी पहिलं नाव माझं लिहिणार आहे. मेकॅनिकलचे दोघं, सिव्हिलचे दोघं आणि ज्याला खरोखर पोहता येतं असा कमीत कमी एक जण हवा आहे. रंगाच्या डब्याची सोय झाली आहे. या.